खातं आधी की पत्ता आधी? जर्मनीत नव्याने आलेल्यांचे बँकेचे प्रश्न

गेल्या अंकात आनमेल्डुंगबद्दल, म्हणजे राहत्या पत्त्याच्या सरकारी नोंदणीबद्दल, लिहिताना बँकेचा उल्लेख ओझरता केला होता, आणि नंतर जी पत्रं आली त्यातली निम्मी बँकेबद्दलचीच. म्हणून हा अंक पूर्ण त्यालाच दिलाय. मला इथे येऊन चौदा वर्षं झाली आणि नवीन आलेल्या मुलांसोबत बँकेत जाऊन बसणं हे काम मी मनापासून करते, कारण पहिल्या दोन महिन्यांत माणूस जितका घाबरतो तितका नंतर कधीच घाबरत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा ऑक्टोबरमध्ये ड्रेस्डेनला एमएससाठी चाललाय. व्हिसासाठी जवळजवळ बारा लाख रुपये आधीच तिकडच्या खात्यात टाकायचे म्हणतात. एवढे पैसे ज्या बँकेचं नावसुद्धा ऐकलं नाही तिथे कसे टाकायचे? बुडाले तर? आमचे पीएमसी बँकेत अडकले होते हो, अजून ते दिवस आठवतात. – एक आई, सांगली

तुमची भीती अगदी खरी आहे. 2019 च्या सप्टेंबरमध्ये पीएमसीवर निर्बंध आले आणि सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते, ज्यांनी ते भोगलंय त्यांना 'काही होत नाही हो' असं सांगून भागत नाही. तर नीट सांगते.

तुम्ही म्हणताय त्या खात्याला श्पेरकोंटो म्हणतात, म्हणजे बांधलेलं खातं. सध्या विद्यार्थ्याला वर्षाचे 11,904 युरो त्यात दाखवावे लागतात, आणि मुलगा इथे पोचला की त्यातून दर महिन्याला 992 युरो मोकळे होतात, एकदम सगळे काढता येत नाहीत. (हा आकडा मधूनमधून वाढतो, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी जर्मन दूतावासाच्या साइटवर बघूनच भरा, एजंटच्या कागदावर नको.) ही फी नाही, पैसे तुमच्या मुलाचेच आहेत, त्याच्याच नावावर आहेत, व्हिसा नाकारला गेला तर नकाराचा कागद दाखवून परत मिळतात.

आता बुडण्याचं. आपल्याकडे बँक बुडाली तर विम्याचं संरक्षण 5 लाखांपर्यंत आहे, 2020 पर्यंत ते फक्त 1 लाख होतं. जर्मनीत कायद्याने माणशी, दर बँकेमागे 1,00,000 युरोपर्यंत संरक्षण आहे, म्हणजे तुमची सगळी रक्कम त्यात बसते. पण एक गोष्ट विचारून घ्या. श्पेरकोंटो देणाऱ्या बऱ्याच कंपन्या स्वतः बँक नसतात, त्या मध्ये असतात आणि पैसे कुठल्यातरी बँकेत ठेवतात. तर पैसे भरायच्या आधी ईमेलवर लेखी विचारा की रक्कम नेमकी कुठल्या बँकेत राहणार, माझ्या मुलाच्या नावाने राहणार का, आणि त्यावर ठेव संरक्षण लागू आहे का. चांगली कंपनी दोन दिवसांत उत्तर देते. जी देत नाही तिला सोडा.

आणि पाठवताना आपल्याकडच्या बँकेत 'शिक्षणासाठी' हाच हेतू लिहायचा. आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर टीसीएस म्हणजे आगाऊ कर बँक कापते, तो रिटर्न भरताना तुमच्या करात वळता होतो, नाहीतर परत मिळतो, म्हणून ती पावती टाकू नका. मान्यताप्राप्त संस्थेचं शैक्षणिक कर्ज असेल तर टीसीएस लागत नाही.

अजून एक, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 992 युरो पहिल्या दिवशी हातात येत नाहीत! आधी मुलाचं इथलं रोजचं खातं उघडायला हवं, त्याचा नंबर श्पेरकोंटोवाल्यांना कळवायला हवा, मग पैसे सुटतात, यात तीन आठवडे सहज जातात आणि कधीकधी सहासुद्धा. तेवढ्यात पहिलं भाडं आणि डिपॉझिट येऊन उभं राहतं. म्हणून फॉरेक्स कार्डवर आणि थोडे रोख मिळून दोन महिन्यांचं वेगळं द्या. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं आणि ते तीन समान हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे, हे त्याला पाठ करून पाठवा, कारण घरमालक स्वतःहून सांगत नाहीत.

प्रश्न : मी म्युनिकला येऊन 19 दिवस झाले. बँक म्हणते आनमेल्डुंग आणा. आनमेल्डुंगला घर पाहिजे. घरमालक म्हणतो शूफा (उधारीच्या नोंदीचा दाखला) आणि पगाराची स्लिप दाखव. ऑफिस म्हणतं पगारासाठी खातं दे. मी सध्या सबलेटवर (पोटभाड्याने) आहे आणि तिथला मुलगा आनमेल्डुंग करू देत नाही. रोज रात्री हेच डोक्यात फिरतंय, नोकरी सोडून परत जावं असं वाटायला लागलंय. – म्युनिकहून एक वाचक

परत जाऊ नका. हे कोडं सुटतं, फक्त त्याचं टोक कुठे आहे ते कळत नाही.

पहिलं टोक म्हणजे खातं. आनमेल्डुंगशिवाय खातं मिळतच नाही असा कायदा नाही. बँकेला तुमची ओळख पटवायची असते आणि तुमचा पत्ता लागतो, आता आनमेल्डुंगचा कागद मागणं ही त्या त्या शाखेची पद्धत. एका शाखेत नाही म्हटलं तर त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत हो म्हणतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकाच आठवड्यात, एकाच मुलासाठी. श्पारकासे या बँकेच्या मोठ्या शाखांमध्ये परदेशी लोकांची सवय असते, पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन जा, टर्मिन म्हणजे भेटीची वेळ घेऊन जा, आणि कॉन्ट्रॅक्टमधला पगाराचा आकडा असलेलं पान वर ठेवा. ऑनलाइन बँकांमध्ये काही ठिकाणी फक्त राहायचा पत्ता लिहून चालतो. पण तिथे व्हिडिओवर ओळख पटवताना भारतीय पासपोर्ट घेत नाहीत असं बऱ्याचदा होतं, तेव्हा घाबरून अर्ज रद्द करू नका, पोस्टइडेंट हा पर्याय आहे का बघा, म्हणजे कूपन प्रिंट करून पोस्टाच्या काउंटरवर पासपोर्ट घेऊन जायचं, तिथला माणूस बघतो, शिक्का मारतो, झालं.

जे खातं मागायचं, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं, त्याचं नाव झिरोकोंटो. लिहितात गिरो, म्हणतात झिरो, त्यामुळे आपल्या कितीतरी मुलांना ते झिरो बॅलन्स खातं वाटतं आणि महिन्याची फी कापली की धक्का बसतो. फीचा तक्ता आधी मागून घ्या.

आणि सगळ्यांनी नाही म्हटलं तर? तर तुमच्या हातात बाझिसकोंटो आहे. 2016 च्या जूनपासून जर्मनीत कायदा आहे की युरोपियन युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या कुठल्याही माणसाला, अगदी ज्याला कायमचा पत्ता नाही त्यालाही, साधं खातं मिळालंच पाहिजे. त्याचा ठरलेला फॉर्म असतो, तो भरून दिला की बँकेने दहा कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा, आणि नाकारायची कारणं मोजकीच आहेत, उदाहरणार्थ तुमचं इथे आधीच चालू खातं असेल तर. नकार दिला तर तो लेखी मागा आणि बाफिन म्हणजे बँकांवर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे तिच्याकडे तक्रार करा. यावर ओव्हरड्राफ्ट मिळत नाही, पण पगार येतो, भाडं जातं, कार्ड चालतं. हा तुमचा हक्क आहे, काउंटरवरच्या माणसाची मेहेरबानी नाही, हे मनात पक्कं असलं की आवाज आपोआप सरळ निघतो.

ऑफिसलाही एक सांगा. तुमचं खातं समजा युरो चालणाऱ्या दुसऱ्या देशातलं असलं, म्हणजे नंबर जर्मनीच्या 'डीई' या अक्षरांनी सुरू होत नसला, तरी फक्त त्या कारणाने पगार तिथे टाकायला नकार देता येत नाही, तसा युरोपचा नियम आहे.

दुसरं टोक म्हणजे घर. शूफा ही उधारीची नोंद ठेवणारी कंपनी, तुम्ही 19 दिवसांचे आहात तर तुमची तिथे नोंद असणारच कशी, ती नसणं म्हणजे वाईट असणं नव्हे. घरमालकाला नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट, एचआरचं एक पत्र आणि भारतातल्या शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा एका पीडीएफमध्ये द्या आणि स्पष्ट लिहा की मी नुकताच आलोय. आणि जिथे राहताय ते घर आनमेल्डुंगला चालत नसेल तर ते सोडायच्या मागे लागा, महिन्याला शंभर युरो जास्त पडले तरी चालतील पण जो घरमालक वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणजे 'हा माणूस माझ्याकडे राहतो' हा कागद सही करून देईल तिथे जा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते, टर्मिन उशिराची मिळाली तर त्याचा ईमेल जपून ठेवा.

आणि ब्रीफकास्टेन! खाली पोस्टाची पेटी असते तिच्यावर तुमचं नाव लिहिलेलं नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. बँक कार्ड एका पाकिटात पाठवते, पिन दुसऱ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी. सबलेटवरची मुलं महिना महिना कार्डाची वाट बघत बसतात आणि कार्ड केव्हाच बँकेत परत गेलेलं असतं. आज संध्याकाळी कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून चिकटपट्टीने लावा. पासपोर्टवरचं आडनाव, जसंच्या तसं. करणार ना?

प्रश्न : जिम सोडून तीन महिने झाले तरी खात्यातून पैसे जातायत. मी तर काही पाठवत नाही, ते स्वतःच घेतात. हे कसं चालतं इथे? कोणी पण माझ्या खात्यातून पैसे घेऊ शकतो? शिवाय त्या टीव्हीवाल्यांचं पण पत्र आलंय, माझ्याकडे टीव्हीच नाही. – आखेनहून एक विद्यार्थिनी

याला लास्टश्रिफ्ट म्हणतात. आपल्याकडे ईसीएस किंवा हप्त्याचं मँडेट असतं तसंच, पण इथे वीज, फोन, विमा, जिम सगळं यावरच चालतं. तू जिमच्या फॉर्मवर खात्याचा नंबर लिहून सही केलीस तेव्हा त्यांना परवानगी दिलीस. जिने परवानगीच दिली नाही तिच्या खात्यातून कोणी घेतलं तर 13 महिन्यांपर्यंत परत मागता येतं. आणि परवानगी दिलेली असली तरी पैसे गेल्यापासून 8 आठवड्यांच्या आत, काहीही कारण न देता, ते परत आणता येतात. बँकेच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की पर्याय दिसतो, नाहीतर शाखेत सांगायचं. कायद्याचं हे एवढं मोठं संरक्षण आपल्या मुलांना माहीतच नसतं.

पण थांब, बटण दाबायच्या आधी माझं ऐक. दुसऱ्या वर्षी मी एका जिमशी असंच भांडले आणि रागाने दोन हप्ते परत ओढून घेतले. पैसे आले, बरं वाटलं. मग पत्र आलं, मग मानुंग म्हणजे ताकिदीचं पत्र, मग वसुलीवाल्यांचं, आणि शेवटी मी मूळ रकमेच्या जवळजवळ दुप्पट भरले, कारण माझं सोडण्याचं पत्र मुदतीत पोचलंच नव्हतं आणि करारानुसार मी देणं लागत होते. पैसे परत आले म्हणजे देणं मिटलं असं होत नाही. तेव्हा आधी हे तपास की तू जिम सोडल्याचं त्यांना लेखी कळवलंस का आणि त्यांनी कोणती तारीख मान्य केली. करार 1 मार्च 2022 नंतरचा असेल तर पहिली मुदत संपल्यावर तो वर्षभरासाठी आपोआप वाढत नाही, एक महिन्याच्या नोटिशीवर केव्हाही सोडता येतो. तू लिहिलंच नसशील तर आज लिही, नुसतं जाणं बंद केलं तर करार बंद होत नाही. लिहिलं असशील आणि तारीख उलटली असेल तर मात्र बिनधास्त परत घे आणि त्याच दिवशी जिमला ईमेल कर की का घेतलं.

टीव्हीचं पत्र फेकू नकोस. तो सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी घरामागे 18.36 युरो महिना असा आकार आहे, टीव्ही असो नसो, आणि तीन महिन्यांचे 55.08 एकदम घेतात. पाच जणी एका घरात राहत असाल तर एकीनेच भरायचा, बाकीच्यांनी तिचा नोंदणी नंबर कळवायचा.

प्रश्न : ताई, माझ्या पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं आहे. बँकेने कार्डावर पहिली दोन्ही नावं छापली. आता मित्र पैसे पाठवतो तर त्याच्या ॲपला नाव जुळत नाही असं येतं. चुकीच्या खात्यात जातायत का? – हॅम्बुर्ग

चुकीच्या खात्यात नाही जात, खात्याचा 22 अक्षरी नंबर बरोबर असला की पैसे तिथेच जातात. 9 ऑक्टोबर 2025 पासून युरो चालणाऱ्या देशांतल्या बँकांना पाठवण्याआधी नंबर आणि नाव जुळतं का ते दाखवावं लागतं, फसवणूक थांबावी म्हणून. मित्र तुम्हाला ज्या नावाने ओळखतो ते लिहितो आणि बँकेत तीन नावं आहेत.

आपली मधलं नाव वडिलांचं लावायची पद्धत इथे कोणाला कळत नाही, त्यांना ती दोन 'पहिली नावं' वाटतात. त्यात काही बिघडत नाही, पण मग एकच रूप धरायचं आणि सगळीकडे तेच द्यायचं : पासपोर्टवर जसं आहे तसं, त्याच क्रमाने, बँक, ऑफिस, घराचं कॉन्ट्रॅक्ट, विमा, आनमेल्डुंग, सगळीकडे. ऑफिसमध्ये एक नाव आणि बँकेत दुसरं अशाने पगाराच्या पहिल्याच महिन्यात फोनाफोनी होते. ज्यांचं लग्नानंतर आडनाव बदललंय पण पासपोर्ट जुना आहे त्यांनी तर इथे यायच्या आधीच ठरवावं, पासपोर्ट बदलायचा तर तिकडेच बदलून या, इथे आल्यावर आठ ठिकाणी बदलत बसावं लागतं. मित्राला कार्डावरचं नाव व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा, त्याने कॉपी करून टाकलं की इशारा येणार नाही.

प्रश्न : पुण्यातलं जुनं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवलंय, बाबा म्हणतात बँकेला सांगू नकोस, उगाच कटकट. चालेल का? – फ्रँकफर्ट

बाबांबद्दल आदर ठेवून सांगते, नाही चालणार. नोकरीसाठी परदेशी आलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे तुम्ही अनिवासी झालात आणि ते साधं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं खातं, करून घ्यावं लागतं. भारतातली मिळकत, भाडं, डिव्हिडंड वगैरे त्यात. इथून पाठवलेल्या पैशांसाठी वेगळं एनआरई उघडा, त्यातले पैसे केव्हाही मुद्दलासकट परत आणता येतात, एनआरओमधून मात्र आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आणि कागदपत्रं. एनआरओच्या व्याजावर 30 टक्क्यांनी टीडीएस आणि वर सेस कापतात, पण जर्मनीत राहत असल्याचं इथल्या कर कार्यालयाचं प्रमाणपत्र आणि बाकीचे फॉर्म दिले तर दोन देशांच्या करारामुळे तो 10 टक्क्यांवर येतो. आणि एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून जर्मनीतही असेल असं बरेच जण धरून चालतात, तसं नाही, इथे राहणाऱ्याला जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं, व्याज-डिव्हिडंड मिळून वर्षाला 1,000 युरो, आणि नवराबायको एकत्र रिटर्न भरत असतील तर 2,000, एवढं माफ आहे.

प्रश्न : मी नवऱ्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर आले. तो म्हणतो माझ्या खात्यावर तुझं नाव घालू, वेगळं कशाला, फी वाचेल. बरोबर ना? – श्टुटगार्ट

दोघांचं एकत्र खातं जरूर असावं, भाडं-वीज त्यातून जावी. ते उघडताना 'ओडर' की 'उंड' विचारतात : ओडरमध्ये दोघांपैकी कोणीही एकटं व्यवहार करू शकतं, उंडमध्ये प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. ओडर घ्या, पण लक्षात असू द्या की त्यावर ओव्हरड्राफ्ट झाला तर तुम्हीही तितक्याच देणेकरी, आणि ओव्हरड्राफ्टचं व्याज इथे दहा टक्क्यांच्या वर सहज जातं.

आणि त्याशिवाय तुमचं स्वतःचं एक खातं उघडाच. व्हिसा डिपेंडंट आहे, तुम्ही नाही. उद्या मिनीजॉबचा म्हणजे छोट्या अर्धवेळ नोकरीचा पगार येईल, मूल झालं की किंडरगेल्ड म्हणजे मुलासाठीचा सरकारी भत्ता येईल, ते सगळं तुमच्या नावाच्या खात्यात यायला हवं, आणि फोनचं कॉन्ट्रॅक्ट तुमच्या नावावर घेतलंत की शूफात तुमची स्वतःची नोंद सुरू होते. चार-पाच वर्षांनी स्वतःच्या नावाने घर घ्यायला निघालेल्या बायका मी पाहिल्यात, नोकरी चांगली, पगार चांगला, आणि कागदावर त्यांचं काहीच नाही, सगळं नवऱ्याच्या नावावर. मोफत खाती देणाऱ्या बँका आहेत, त्यामुळे फीचा प्रश्न येत नाही. लागेल तो कागद एकच, पासपोर्ट आणि व्हिसाबरोबर आनमेल्डुंगचा, आणि तो तुमचा झालेलाच असेल. या आठवड्यात टर्मिन घ्या आणि नवऱ्यालाही बरोबर न्या, मिळून एकत्र खात्याचंही काम होईल.